जुन्या चांदीच्या लगडी: वजन आणि माप कसं वाचायचं

आजीच्या ट्रंकेत निघालेली लगड मी पहिल्यांदा काट्यावर ठेवली तेव्हा आकडा आला ११५.८४ ग्रॅम. लगडीवर ठसा होता '१० तोळा'. दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम अशी घरातल्या सगळ्यांची समजूत, त्यामुळे आधी वाटलं, सोळा ग्रॅम चांदी फुकट सापडली. मग भावाने सांगितलं की जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, म्हणजे दहा तोळ्यांचे ११६.६४ ग्रॅम भरायला हवेत. मग पाऊण ग्रॅमाहून जास्त चांदी गेली कुठे? पाच मिनिटांपूर्वीचा आनंद गेला आणि शंका घरात येऊन बसली.

अमळनेरच्या एका म्हाताऱ्या सराफांकडे ती घेऊन गेले. त्यांनी लगड उजेडात फिरवली, एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि मला दाखवलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका छिन्नीने काढलेला होता. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे काम जुनंच. कुणीतरी कधीतरी टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पाहण्यासाठी तेवढा तुकडा काढून घेतला होता. "बाई, पह्यले तोल, मंग बोल," एवढंच ते म्हणाले. आधी वजन कर, मग बोल.

जुन्या लगडी जमवायला लागलेल्या प्रत्येकाने या जागेपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. वजनातला किंवा मापातला फरक दिसला की नवखा माणूस एक तर घाबरून चांगली वस्तू सोडतो, नाही तर 'जुनं आहे, चालायचंच' म्हणून खोटी वस्तू घरी आणतो. फरकाला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा लगडीच्या अंगावरच सापडतं. ते शोधायचं कसं, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: ठशावरचं एकक कोणतं ते ओळखा

आपल्याकडे सगळा गोंधळ इथेच होतो. आज सराफाच्या पेढीवर 'तोळा' म्हणजे सरळ दहा ग्रॅम. चांदीचा 'भार' म्हणतात तोही आता दहा ग्रॅमच. पैंजण पंचवीस भाराचे म्हटले की अडीचशे ग्रॅम. पण जुन्या लगडीवरचा तोळा हा नव्हे. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला (ग्रेन हे इंग्रजांचं बारीक वजन). तो ११.६६३८ ग्रॅम भरतो. चांदीचा रुपयाही बरोबर त्याच वजनाचा पाडत, म्हणून 'रुपयाभार' हा शब्द आला. ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि बोलण्यातला तोळा हळूहळू दहा ग्रॅमवर येऊन स्थिरावला. म्हणजे ठसा तोळ्याचा असेल तर आधी ११.६६ धरून हिशेब करा:

५ तोळे – ५८.३२ ग्रॅम
१० तोळे – ११६.६४ ग्रॅम
२० तोळे – २३३.२८ ग्रॅम
१०० तोळे – १,१६६.३८ ग्रॅम

लगडीबरोबर कधी जुनी चिठ्ठी किंवा वहीचं पान मिळतं. त्यावर तोळे-मासे-गुंजा लिहिलेल्या असतात. १२ मासे म्हणजे एक तोळा आणि ८ गुंजा म्हणजे एक मासा. मासा ०.९७२ ग्रॅमचा, गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. समजा चिठ्ठीवर '९ तोळे ११ मासे ४ गुंजा' आहे. तोळ्यांचे १०४.९७, माशांचे १०.६९, गुंजांचे ०.४९, मिळून ११६.१५ ग्रॅम. लगड काट्यावर याच्या आसपास भरली तर ती चिठ्ठी त्याच लगडीची असण्याची शक्यता मोठी. अशी चिठ्ठी टाकून देऊ नका. चिठ्ठीसकट लगड आणि चिठ्ठीविना लगड, यांत जमवणाऱ्यांच्या लेखी फार अंतर आहे.

आता परदेशी लगडी. जळगाव-धुळ्याकडची नोकरदार मंडळी बाहेरून येताना किंवा ऑनलाइन मागवून अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या, स्वित्झर्लंडमधल्या लगडी घेतात. त्यांवर औंस असतो. चांदीचा औंस हा 'ट्रॉय' औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. किराणा मालाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. मी यात फसलेले आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दहा औंसाची जुनी लगड घेतली, ३११ ग्रॅम धरून पैसे मोजले. घरी काट्यावर आकडा आला २८३.६. चांदी खरी, ठसाही खरा, पण तो दहा किराणा-औंसांचा. साडेसत्तावीस ग्रॅम चांदीचे पैसे गेले. विक्रेत्याचं म्हणणं, औंस लिहिलं होतं, औंस दिला. तेव्हापासून ठशात 'ट्रॉय' शब्द नसेल तर मी आधी ग्रॅममध्ये वजन विचारते आणि काट्यावरचा फोटो मागते.

तिसरं एकक ग्रेन. १९७०च्या दशकात अमेरिकेत चित्रांच्या, नक्षीच्या लगडींची लाट आली होती. त्या काळात फ्रँकलिन मिंट या तिथल्या खासगी टांकसाळीने १,००० ग्रेनच्या लगडी पाडल्या. हजार ग्रेन म्हणजे ६४.८ ग्रॅम. हा आकडा औंसातही नीट बसत नाही आणि तोळ्यातही नाही, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. शिवाय त्या स्टर्लिंगच्या, म्हणजे ९२५ टंचाच्या, हजारात ९२५ भाग चांदी. शुद्ध चांदी त्यात साठ ग्रॅमला जराशी कमी.

दुसरी पायरी: ओतीव की छापाची?

लगड हातात आली की वजनाआधी तिची बनावट पाहा. किती फरक चालतो, ते बनावटीवर ठरतं.

छापाची लगड म्हणजे चांदीचा पत्रा लाटून, एकसारखे तुकडे कापून, ठशाच्या यंत्रात दाबलेली. कडा सरळ, पृष्ठभाग गुळगुळीत, दोन्ही बाजूंची जाडी सारखी. अशा लगडीचं वजन ठशाला धरूनच असतं, असलंच तर किंचित जास्त, कारण कारखानदार कमी वजनाचा माल बाहेर जाऊ देत नाही. एक औंसाची छापाची लगड ३१.१ ग्रॅमच्या खाली अर्धा-पाऊण ग्रॅम भरली आणि अंगावर झीज किंवा टवका दिसत नसेल, तर मी ती घेत नाही.

ओतीव लगडीचं तसं नाही. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीतला रस साच्यात ओतणारा माणूस हाताच्या अंदाजाने थांबतो. थोडं जास्त पडलं, थोडं कमी पडलं. मग लगड थंड झाल्यावर तोलायची आणि निघालेलं वजन तिच्यावर ठोकायचं, ही जुनी रीत. म्हणून जुन्या ओतीव लगडींवर १०.०३, ९९.८७ असे विचित्र आकडे सापडतात. नव्याने जमवणाऱ्यांना ते दोष वाटतात. मला तेच सर्वांत जास्त आवडतात, कारण दशांश चिन्हानंतरचे ते दोन आकडे सांगतात की कुणीतरी ती एकच लगड काट्यावर ठेवून बघितली होती. लंडनच्या घाऊक बाजारात चालणाऱ्या मोठ्या चांदीच्या विटांनाही एकच ठरलेलं वजन नाही. ७५० ते १,१०० ट्रॉय औंसांपर्यंत, म्हणजे साधारण २३ ते ३४ किलोपर्यंत कुठलंही वजन चालतं. प्रत्येक विटेची नोंद वेगळी आणि पैसे त्या नोंदीप्रमाणे.

मापातला फरक तर ओतीव लगडीत असणारच. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू स्वतःच्या आकारमानाच्या वीसपट शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. त्यामुळे वरचा थर फुगतो, फुटतो, कधी बारीक थेंब उडतात. आपले सोनार मुशीत टाकणखार घालतात, वर कोळसा ठेवतात, ते यासाठीही. शिवाय रस गोठताना आकसतो, त्यामुळे लगडीच्या वरच्या अंगाला मधोमध खळगा पडतो. साचा जरा कललेला असला तर एक टोक जाड, एक पातळ. एकाच साच्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन लगडींच्या जाडीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक मी स्वतः मोजलेला आहे, आणि वजन मात्र दोघींचं ठशाला बरोबर.

एंगलहार्ड आणि जॉन्सन मॅथी ही लगडी पाडणाऱ्या कंपन्यांतली, जमवणाऱ्यांच्या तोंडी असलेली दोन मोठी नावं. जॉन्सन मॅथीची मुळं १८१७ सालच्या लंडनमध्ये आहेत. एंगलहार्ड ही अमेरिकेची कंपनी, तिला २००६ साली बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने विकत घेतलं. त्यांच्या सुरुवातीच्या शंभर औंसांच्या ओतीव लगडी एकमेकींशी जुळत नाहीत. नंतरच्या यंत्रातून निघालेल्या जुळतात. दोन्ही खऱ्याच. १९८०च्या जानेवारीत अमेरिकेत चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला आणि मार्चअखेरीस कोसळला. भाव चढला तेव्हा लोकांनी किती तरी जुन्या लगडी, भांडी आटणीला दिली. ज्या वाचल्या त्यांना आज आटीव भावाहून, म्हणजे नुसत्या चांदीच्या किमतीहून, जास्त किंमत येते, ती या कारणानेही.

तिसरी पायरी: काटा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाचशे ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा नवख्याला पुरे. किलोच्या लगडीसाठी ०.१ ग्रॅमचा चालेल. काट्याबरोबर एक शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन घ्या आणि प्रत्येक वेळी आधी तेच ठेवून बघा. आपल्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही, पण तोलताना पंखा बंद ठेवा, कूलर तर नक्कीच. काटा टेबलावर पाणसळीत हवा, लाकडी डुगडुगत्या स्टुलावर नको.

सराफाच्या काट्यावर दरवर्षी वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी होते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात असतं. ते बघायला मागण्यात काही चूक नाही. चांगला सराफ रागावत नाही, उलट तुम्हाला ओळखून बसतो.

एक लगड तीनदा तोला, प्रत्येक वेळी उचलून, फिरवून ठेवा. तिन्ही आकडे लिहा. काळवंडलेल्या थराचं वजन नगण्य असतं, तेव्हा 'आधी घासून घेऊ, मग तोलू' हा विचार सोडून द्या. चिंच, राख, रांगोळी, बाजारातलं चकाकी देणारं द्रावण, यांतलं काहीही लावू नका. राखेने घासलेली जुनी लगड आरशासारखी दिसते, आणि जमवणाऱ्यांच्या लेखी तिची निम्मी ओळख गेलेली असते. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, बास.

चौथी पायरी: लांबी, रुंदी, जाडी

व्हर्निअर कॅलिपर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात डिजिटल मिळतो. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणजे एक घन सेंटिमीटर चांदी १०.४९ ग्रॅम भरते. हा एक आकडा पाठ केला की बरीच फसवणूक टळते.

छापाच्या लगडीवर हा हिशेब छान चालतो. समजा एक औंसाची लगड ५० बाय २८ मिलिमीटरची आहे. ३१.१ ला १०.४९ ने भागलं की आकारमान २.९६ घन सेंटिमीटर. क्षेत्रफळ १४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जाडी २.१ मिलिमीटरच्या आसपास निघायला हवी. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच लांबी-रुंदीची लगड जर्मन सिल्व्हरची केली तर तिची जाडी अडीच मिलिमीटरच्या पुढे जाते, कारण त्या मिश्रणाची घनता ८.७ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरमध्ये नावाखेरीज चांदी नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त. डोळ्याला न दिसणारा तो अर्धा मिलिमीटरचा फरक कॅलिपरला लगेच दिसतो. जाडी चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर मोजा, ठशाच्या उंचवट्यावर नको.

ठशात 'मिल' किंवा 'मिल्स' असा शब्द दिसला तर लगड खाली ठेवा. '१०० मिल्स, ९९९ चांदी' असं छापलेल्या लगडी ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. तिथे आकडा वजनाचा नसून वरच्या मुलाम्याचा असतो, आत तांबं. वर लिहिलेलं वाचलं तर फसवणूक नाही असं विक्रेता म्हणेल, म्हणून आपणच वाचायचं.

ओतीव लगडीला खळगे, फुगवटे असतात, तिथे कॅलिपर हात टेकतो. तिथे पाणी लागतं.

पाचवी पायरी: पाण्यातलं वजन

ही पायरी मी सविस्तर लिहिते, कारण खर्च शून्य आणि उत्तर सर्वांत भरवशाचं.

काट्यावर पाण्याने दोन-तृतीयांश भरलेला काचेचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. लगडीला शिवणाचा बारीक दोरा बांधा. दोरा हातात धरून लगड पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळती सोडा. तळाला, कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जो आकडा येईल तो लगडीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. लगडीचं कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे घनता. लगडीच्या अंगाला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. हात थरथरतो, म्हणून दोरा एखाद्या काठीला बांधून काठी दोन डब्यांवर आडवी ठेवा.

आजीच्या लगडीचं असं झालं: कोरडं वजन ११५.८४, पाण्यातला आकडा ११.१८. भागाकार १०.३६. आता एक छोटी दुरुस्ती. पाणी गरम असेल तर ते हलकं असतं. ३० अंशांना पाण्याची घनता ०.९९५७ भरते, म्हणून १०.३६ ला तिने गुणलं, उत्तर १०.३२. एप्रिल-मेमध्ये जळगावात माठाबाहेरचं पाणी चाळीस अंशांजवळ जातं, तेव्हा ०.९९२ ने गुणा. जर्मन सिल्व्हर असती तर पाण्यातला आकडा तेराच्या पुढे गेला असता.

पण १०.३२ हे १०.४९ नव्हे. चांदी खोटी का? नाही. आणि आपल्या भागातल्या लगडींची खरी गोष्ट इथे सुरू होते.

कलदारांची लगड

खानदेशात कापूस विकून पैसा आला की चांदी घ्यायची, ही जुनी चाल. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा बायकांच्या अंगावर आजही चांदीच असते, आणि होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा ती दिसते. बँक लांब होती, चांदी घरात होती. आणि घरातली चांदी म्हणजे बहुतेकदा राणीछाप नाहीतर राजाछाप कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये. रुपये साठले की गावच्या सोनाराकडे नेऊन आटवायचे आणि लगड करून घ्यायची, नाहीतर कडी, वाळे, साखळ्या.

कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, पण त्यात चांदी बारा भागांतले अकरा, म्हणजे ९१.६७ टक्के. बाकी तांबं. तेव्हा कलदार आटवून केलेल्या लगडीची घनता १०.३ च्या आसपास येणार आणि टंच शेकडा ९१-९२. माझ्या लगडीचा टंच नंतर मशीनवर काढला तेव्हा ९१.५ निघाला. म्हणजे आजीच्या सासरी कुणीतरी दहा रुपये आटवले होते. हा शोध मला लगडीच्या किमतीहून मोठा वाटतो.

याचीच दुसरी बाजू. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणली. उरलेलं तांबं, निकेल, जस्त. वजन मात्र तेच ठेवलं. १९४७ साली रुपया निकेलचाच झाला. त्या मधल्या वर्षांचे रुपये आटवलेली लगड दहा तोळे बरोबर भरेल, दिसायलाही बरी दिसेल, पण घनता साडेनऊच्या आसपास येईल आणि शुद्ध चांदी निम्मीच. ही लगड खोटी नाही. तिला ९९९ च्या भावाने मात्र घेऊ नका.

कलदारांमुळे वजनातही फरक येतो. खेड्यातले सोनार आणि व्यापारी रुपयाच वजन म्हणून काट्यात टाकत. चाळीस वर्षं हाताहातातून फिरलेला रुपया झिजलेला असतो, ११.६६ च्या जागी ११.५ किंवा त्याहूनही कमी भरतो. अशा दहा रुपयांनी तोललेली 'दहा तोळ्यांची' लगड आज ११५ ग्रॅम भरली तर त्यात तोलणाऱ्याची लबाडी नाही, त्याची वजनं झिजलेली होती. आटणीत तूटही येतेच, मुशीला थोडी चांदी चिकटते, थोडी राखेत जाते. म्हणून गावठी ओतीव लगडीत एक-दीड टक्का कमी वजन मला खटकत नाही. तीन-चार टक्के गेले तर टवका, छिद्र, कापलेली कड शोधते, आणि नाही सापडली तर घेत नाही.

सहावी पायरी: सराफाकडे, मशीनवर

वरच्या पायऱ्या घरी करून झाल्या की मगच लगड सराफाकडे न्या. कसोटीच्या दगडावर घासून तेजाबाने पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण दगडावर घासलेली चांदी परत येत नाही आणि खूण राहते. आटीव मालाला चालेल, जमवायच्या लगडीला नको. एक्स-रे किरणांचं टंच मशीन आता मोठ्या गावांतल्या हॉलमार्किंग केंद्रांत असतं. ते लगडीला इजा करत नाही. मात्र ते वरचा थरच वाचतं. आत शिसं किंवा तांबं आणि वर जाड चांदी असेल तर मशीन ९९९ सांगेल. म्हणूनच पाण्यातल्या वजनाला मशीनपेक्षा जास्त मान द्या, आणि शक्य तेव्हा दोन्ही करा. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. दोन्ही मिसळून चांदीच्या जवळची घनता जमवता येते. पण तेच वजन, तेच माप, तोच ठसा आणि वरचा टंच, हे सगळं एकाच वेळी जुळवणं फार अवघड.

चुंबकाची एक सोपी युक्ती आहे. लगड तिरकी धरा आणि वरून ताकदवान छोटा चुंबक सोडा. खऱ्या चांदीवरून तो चिकटत नाही, पण सुळकन घसरतही नाही, अडत अडत खाली येतो. चांदी विजेची फार चांगली वाहक आहे, त्यामुळे असं होतं. तांब्यावरही थोडं तसंच होतं, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नका.

सातवी पायरी: किंमत

सराफाकडे लगड 'मोड' म्हणून, म्हणजे आटवायची जुनी चांदी म्हणून, आलेली असेल तर किंमत वजन गुणिले टंच गुणिले त्या दिवसाचा भाव. ११५.८४ ला ०.९१५ ने गुणलं की १०६ ग्रॅम शुद्ध चांदी. या किमतीला लगड मिळाली तर तुम्ही आटीव भावातच घेतलीत, वर काही दिलं नाही. वर द्यायचं ते ठशासाठी, बनावटीसाठी, चिठ्ठीसाठी, दुर्मिळपणासाठी. नव्याने जमवत असाल तर पहिल्या पाच लगडी आटीव भावाच्या आसपास घ्या. हाताला वजनाची सवय होऊ द्या. ऑनलाइन फोटो बघून मोठी रक्कम मोजायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. सराफाकडून पावती घ्या, आणि तिच्यावर ग्रॅममधलं वजन आणि टंच दोन्ही लिहून घ्या. 'जुनी चांदी, एक नग' एवढीच पावती असेल तर पुढे ती कुणालाच उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट, खास आपल्याकडची. धाब्याची घरं आणि जुने वाडे सध्या भराभर पडताहेत आणि भिंतीत, जात्याखाली, उंबऱ्याजवळ पुरलेली चांदी निघते. १८७८ चा गुप्त निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशात लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल कुणी स्वस्तात विकायला आणला तर घेऊ नका. ट्रंकेत, कपाटात, कुटुंबात चालत आलेली चांदी वेगळी.

आठवी पायरी: वही

लगडी एकमेकींवर रचून ठेवू नका, ओरखडे पडतात. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळवंडवतात, म्हणून धुतलेलं सुती कापड आणि वर झिपची पिशवी. आणि प्रत्येक लगडीला वहीत एक पान. काट्यावर लगड आणि आकडा दोन्ही दिसतील असा फोटो काढून त्यावर तारीख घाला. माझ्या वहीतलं पहिलं पान असं आहे:

ओतीव, गावठी. ठसा: १० तोळा, बाजूला फुलासारखी खूण, सोनाराची असावी.
काटा: ११५.८४, ११५.८४, ११५.८५.
लांबी ७१, रुंदी २४ ते २५, जाडी ६ ते ७.५ मिलिमीटर, वर खळगा.
पाण्यातलं: ११.१८. घनता १०.३२. टंच ९१.५.
उजवा खालचा कोपरा: छिन्नीचा टवका, जुना.
कुठून: आजीची ट्रंक, तळाला, लुगड्याच्या घडीत.